313 पानांची 365 दिवसांची डायरी : वर्षभर वापरून लिहिलेला रिव्ह्यू

रेटिंग आधीच सांगते, पाचपैकी तीन. त्यातला एक स्टार डायरीचा नाहीच, आमच्या कुकरचा आहे, ते पुढे येईलच.

तर मागच्या डिसेंबरात ताईकडे पुण्याला गेले होते तेव्हा अप्पा बळवंत चौकातून ही 2025 ची डायरी घेतली, ए फाइव्ह साइझ, मरून रेक्झिनचं कव्हर, एक दिवस एक पान, 320 रुपये. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, कारण अशाच डायऱ्या दहा नावांनी मिळतात आणि आतला माल थोड्याफार फरकाने तोच असतो. दुकानदार प्लास्टिक फोडून दाखवेना, "मॅडम सगळ्या सारख्याच असतात" म्हणाला, आणि ताई मागून "घे गं, किती चिकित्सा" करत होती, म्हणून घेतली. चूक तिथेच झाली.

घरी येऊन उघडली तर पहिली पंधरा-वीस पानं नुसता माहितीचा खजिना. एसटीडी कोड, पिन कोड, एका एकरात किती गुंठे, रक्तगट कुठला कुणाला चालतो. अहो एसटीडी कोड 2025 मध्ये कुणाला लागतात?? समर्थांचं 'दिसामाजी' वालं वचन पण आहे, ते तर लागणारच. आणि मग कळलं की "एक दिवस एक पान" हे सोमवार ते शुक्रवारच, शनिवार-रविवार मिळून एकच पान, वर शनिवार खाली रविवार. म्हणजे 365 दिवसांना 313 पानं. तेव्हा जाम चिडले होते, पण हा मुद्दा पुढे उलटा फिरला.

कागद. इथे माझी सगळ्यात मोठी तक्रार आहे. मी हौसेने नवीन शाईपेन घेतलं होतं, सोबत उंटाच्या छापाची, म्हणजे कॅमलची निळी शाई, दांडेकरांची, 1931 साली मुंबईत शाईच्या गोळ्या नि पावडरीपासून सुरू झालेलं ते दुकान, आमच्या शाळेच्या दप्तरात दहावीपर्यंत तीच होती. मागे 70 जीएसएम (एक चौरस मीटर कागदाचं वजन 70 ग्रॅम) छापलंय पण लिहायला घेतलं की अक्षराला मिशा फुटायच्या, आणि 1 जानेवारीचं सगळं 2 जानेवारीच्या पानावर उलटं उमटलेलं. शाईचा दोष म्हणावा तर तेच पेन तीच शाई मुलाच्या वहीवर एकदम व्यवस्थित चालते. पाच दिवस खाली टिपकागद ठेवून बघितला, सहाव्या दिवशी कंटाळून बॉलपेन घेतलं, ते आजपर्यंत. तर शाईपेनवाल्यांनो, तुमच्यासाठी ही डायरी नाही. बांधणी मात्र शिवलेली आहे आणि मस्त आहे, सपाट उघडते, वर्षभर ओट्यावर पडून सुद्धा एक पान सुटलं नाही. खूण ठेवायची रिबीन मार्चमध्येच तुटली.

ओट्यावर का, तर हा माझा रोज लिहायचा चौथा प्रयत्न. आधी रात्री झोपताना लिहून बघितलं, डोळे मिटायचे. मग डोंबिवली-ठाणे लोकलमध्ये, तर तिथे पाय ठेवायला जागा नाही तिथे वही कुठे उघडणार. मग मोबाइलमध्ये एक ॲप, ते रोज घंटी वाजवायचं आणि सलग किती दिवस झाले ते दाखवायचं, 23 वर गेलं आणि एक दिवस चुकला तर परत शून्य, त्या शून्याकडे बघून इतका राग आला की ॲपच उडवलं. यावेळी ठरवलं, सकाळी डाळ-भाताचा कुकर लावला की लिहायला बसायचं आणि तिसरी शिट्टी झाली की पेन खाली. वाक्य अर्धं असलं तरी. साधारण दहा-बारा मिनिटं मिळतात, तेवढ्यात एक पान होतं, कधी अर्धंच. वेगळं काही लक्षात ठेवावंच लागत नाही हो, कुकर तर रोज लागतोच ना. आणि सुट्टीच्या दिवशी आमच्याकडे सगळं उशिरा नि अस्ताव्यस्त, तेव्हा ते अर्धं पानच बरोबर बसायला लागलं, चार ओळी टाकल्या की भरलं, रिकामं दिसत नाही. ज्या गोष्टीवर चिडले होते तीच सोयीची निघाली.

लोक म्हणतात एकवीस दिवसांत सवय लागते, मला तरी नाही लागली. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी 96 जणांवर केलेला एक अभ्यास आहे, 2009 चा, त्यात साधारण 66 दिवस आले होते, पण कुणाला 18 तर कुणाला 254 इतका फरक. आणि एखादा दिवस चुकला म्हणून फार काही बिघडत नाही हेही त्यांना दिसलं होतं. हे मला त्या ॲपच्या वेळी माहीत असतं तर! माझं विचाराल तर एप्रिलच्या मध्यावर कधीतरी कुकर लावला आणि हात आपोआप डायरीकडे गेला. मग मे महिन्यात गावाला गेलो, तिथे चूल, काकूंच्या हातचं जेवण, कुकर माझ्या ताब्यात नाही, अकरा दिवस कोरे. परत आल्यावर मात्र पहिल्याच सकाळी बसले.

पण तारीख छापलेल्या डायरीची गंमत अशी की त्या अकरा दिवसांची कोरी पानं तिथेच राहतात आणि उलटताना दरवेळी डोळ्यात खुपतात. मी शेवटी त्यातल्या तीन पानांवर रेसिपी लिहिल्या आणि एकावर वाण्याची यादी. काल मोजले, वर्षभरात 58 दिवस कोरे गेलेत.

फायदा काय झाला हे सगळे विचारतात. मन शांत वगैरे होतं म्हणतात, होत असेल, माझं काही फार झालं नाही, मुलाच्या अभ्यासावरून ओरडायचं ते मी ओरडतेच. मला झाला तो वेगळाच. जुलैत डोकेदुखीसाठी डॉक्टरांकडे गेले, त्यांनी विचारलं किती दिवसांपासून, महिन्यातून किती वेळा. एरवी मी "असं अधूनमधून" म्हटलं असतं. यावेळी डायरी घेऊन गेले होते, तिथेच पानं उलटली, तीन महिन्यांत चौदा वेळा "डोकं ठणकतंय", आणि त्यातल्या दहा वेळा आदल्या ओळीत काहीतरी "डबा न खाता मीटिंग" किंवा "सकाळी नुसता चहा". मी ते लिहिताना कधी जोडून बघितलंच नव्हतं. डॉक्टर म्हणाले आधी जेवणाच्या वेळा पाळा, मग गोळ्यांचं बघू. ऑगस्टपासून दोनदाच दुखलंय. बाकी किरकोळ फायदे आहेतच, सिलिंडर कधी लावला, कामवाल्या मावशींचे खाडे किती (माझ्या हिशोबात तीन जास्त धरले जायचे, त्यांचंच बरोबर निघालं, पैसे दिले), मुलाचा ताप कुठल्या दिवशी किती होता. आणि ऑफिसातले मेल लिहिताना पूर्वी पहिल्या वाक्यालाच अडायचे ते आता अडत नाही, हे अगदी खरं.

एक तोटा मात्र सांगितलाच पाहिजे. ओट्यावरची डायरी सगळ्यांची असते. आमच्या अहोंनी एकदा "आज उपमा खारट, कुणी काही बोललं नाही" हे वाचून रात्री मुद्दाम उपम्याचं कौतुक केलं. सासूबाई वाचत नाहीत म्हणतात, पण आता मी काही दिवस नुसती आद्याक्षरं लिहिते.

2026 साठी तारखेची डायरी घेणार नाही. साधी 200 पानी रेघांची वही, तारीख हाताने टाकायची, चुकलेल्या दिवसाचं पानच नाही. तुम्हाला मीटिंगा, बिलं, तारखा सांभाळायच्या असतील तर ही डायरी 320 ला वाईट नाही, जानेवारी संपत आला की निम्म्या किमतीत पण देतात, थांबा. आणि घ्यायला जाल तेव्हा आपलं पेन घेऊन जा, शेवटच्या पानावर एक रेघ ओढू द्या म्हणा. नाही म्हणाले तर त्या चौकात पुढचं दुकान दहा पावलांवर आहे.