दसऱ्याची गाडी फेब्रुवारीत: दहा महिने आणि अठरा हजार किलोमीटरनंतरचा अनुभव

९ एप्रिल २०२४ रोजी, गुढीपाडव्याच्या दिवशी, मी २१ हजार रुपये भरून विजेवर चालणाऱ्या एका एसयूव्हीचे बुकिंग केले. पावतीवर ‘अपेक्षित डिलिव्हरी : ऑक्टोबर २०२४’ असे छापले होते आणि शोरूममधील सल्लागार तोंडी त्याहून ठाम होते, ‘‘मॅडम, दसऱ्याला गाडी दारात.’’ गाडी दारात आली ती १८ फेब्रुवारी २०२५ रोजी. त्यानंतरच्या दहा महिन्यांत ती अठरा हजार किलोमीटर चालली आहे, त्यामुळे तिच्याबद्दल आता खात्रीने लिहिता येते. मात्र गाडीचा अनुभव तिच्या तारखांपासून वेगळा काढून सांगितला तर तो अर्धवट राहील, म्हणून दोन्ही एकत्र लिहीत आहे. कंपनीचे नाव देत नाही, कारण पुढे लिहिल्याप्रमाणे हा प्रश्न एका कंपनीपुरता नाही.

मी नाशिकरोडला राहते आणि कामासाठी रोज सिन्नरच्या औद्योगिक वसाहतीत जाते. जाऊन-येऊन साधारण साठ किलोमीटर होतात. महिन्यातून एकदा आईकडे पुण्याला जाणे असते. पेट्रोलचा खर्च आणि हा ठरलेला प्रवास पाहता विजेची गाडी आम्हाला सर्व बाजूंनी सोयीची होती, आणि दसऱ्याची तारीख धरून आम्ही पुढची सगळी आखणी केली. सप्टेंबरमध्ये जुनी पेट्रोल गाडी विकली, कारण तिच्या विम्याची मुदत संपत आली होती आणि चांगली किंमत मिळत होती. सोसायटीच्या बैठकीत ना-हरकत पत्र मिळवले, महावितरणकडून चार्जिंगसाठी स्वतंत्र मीटर घेतले आणि कंपनीच्या माणसांनी येऊन पार्किंगमधल्या खांबावर ७.२ किलोवॅटचा चार्जर बसवून दिला. बँकेचे कर्जही मंजूर झाले.

१२ ऑक्टोबरला दसरा झाला. त्याच्या चार दिवस आधी फोन आला की गाड्यांचा पहिला लॉट अपुरा पडला आहे, दिवाळीत नक्की. दिवाळी गेल्यावर ‘डिसेंबरअखेर’ हे उत्तर मिळाले आणि डिसेंबर संपल्यावर ‘गाडी ट्रान्झिटमध्ये आहे’ हे वाक्य सुरू झाले, जे मी पुढचे पाच आठवडे ऐकले. या काळात कर्जाच्या मंजुरीपत्राची तीन महिन्यांची मुदत संपली आणि कागदपत्रे नव्याने द्यावी लागली. नोव्हेंबरमध्ये आईच्या मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले. तिला पुण्याहून नाशिकला आणण्यासाठी भाड्याची गाडी करावी लागली. खांबावरचा चार्जर साडेचार महिने रिकामा होता आणि त्याच्या मीटरचे बिल, शून्य युनिट आणि स्थिर आकार असे, दर महिन्याला येत होते. ती बिले मी जपून ठेवली आहेत. रक्कम मोठी नव्हती, पण कंपनीने दिलेल्या एका तारखेवर ग्राहकाचे किती व्यवहार अवलंबून असतात, याची ती कागदोपत्री नोंद आहे.

जानेवारीच्या शेवटी मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवली. आठ दिवसांत मला गाडीचा चेसिस नंबर, म्हणजे माझ्यासाठी ठरलेल्या नेमक्या गाडीचा क्रमांक, मिळाला. आरसी हातात आली तेव्हा उत्पादनाचा महिना दिसला : १२/२०२४. म्हणजे गाडी डिसेंबरमध्ये तयार झाली होती. चौकशी केल्यावर समजले की मुख्य पडद्याच्या सॉफ्टवेअरमधील दोष दूर होईपर्यंत त्या खेपेच्या गाड्या यार्डात उभ्या होत्या. आता ही गाडी मी कधीही विकायला काढली तरी खरेदीदार उत्पादनाचे वर्ष २०२४ हेच पाहणार, आणि मी तिच्यात बसले ते २०२५च्या फेब्रुवारीत. उशिराची ही किंमत कोणत्याही पावतीवर दिसत नाही.

आता गाडीबद्दल. ती उत्तम आहे, आणि हे मी मनापासून लिहिते. एका चार्जमध्ये ४६० किलोमीटर हा दावा भारतीय चाचणीच्या ठरावीक चक्रावरचा आहे आणि तो रस्त्यावर तसाच मिळेल अशी अपेक्षा कोणी ठेवू नये. मला शहरात ३१० ते ३३० किलोमीटर मिळतात, महामार्गावर ताशी ९०च्या वेगाने २८५च्या आसपास, आणि एप्रिल-मेच्या उन्हात एसी पूर्ण चालू ठेवल्यास २६५. नाशिक-पुणे हे सुमारे २१० किलोमीटरचे अंतर एका चार्जमध्ये होते आणि पोहोचेपर्यंत वीस-पंचवीस टक्के चार्ज शिल्लक राहतो. जाताना संगमनेर सोडल्यावर चंदनापुरीच्या घाटात टक्केवारी झरझर उतरते आणि पहिल्या खेपेला माझी नजर रस्त्यापेक्षा त्या आकड्यावरच जास्त होती. परतीच्या प्रवासात त्याच उतारावर ब्रेकला फारसा पाय न लावता गाडी स्वतःच वेग आवरते आणि एखादा टक्का बॅटरीत परत येतो. घरी चार्जिंग केल्यास किलोमीटरमागे सव्वा ते दीड रुपया पडतो, जुन्या गाडीला आठ रुपये लागत. बाहेरच्या जलद चार्जरवर मात्र दावा आणि अनुभव यांत अंतर आहे. वीस ते ऐंशी टक्के चाळीस मिनिटांत, असे माहितीपत्रकात आहे, पण महामार्गावरच्या अनेक चार्जरना दोन गन, म्हणजे गाडीला लावायच्या दोन जोडण्या, असतात आणि शेजारी दुसरी गाडी लागली की शक्ती विभागली जाते. मला सरासरी सत्तर मिनिटे लागली आहेत. सस्पेन्शन, आसने, आतली शांतता यांबाबत काहीही तक्रार नाही.

तक्रार आहे ती जे अजून आलेले नाही त्याबद्दल. बुकिंगच्या वेळी माहितीपत्रकात असलेल्या तीन सुविधा गाडी ताब्यात घेताना चालू नव्हत्या. गाडीच्या बॅटरीवर घरची उपकरणे चालवण्याची सोय, मोबाइलचाच किल्लीसारखा वापर, आणि मार्गिका न सोडता गाडी चालण्यासाठीचे साहाय्य. सर्व यंत्रसामग्री गाडीत बसवलेली आहे, फक्त सॉफ्टवेअर अपडेट यायचा आहे, तीन महिन्यांत येईल, असे डिलिव्हरीच्या वेळी सांगण्यात आले. पहिली सुविधा सातव्या महिन्यात आली आणि छान चालते. दिवाळीच्या सुट्टीत गावाकडे लोडशेडिंग असताना आम्ही तिच्यावर मिक्सर आणि पंखा चालवला. किल्लीची सुविधा नवव्या महिन्यात आली, पण फोन खिशात असूनही चारपैकी एकदा दार उघडत नाही, म्हणून मी किल्ली बरोबर ठेवते. तिसरी आलेली नाही. तिचे पैसे मात्र फेब्रुवारीतच दिलेले आहेत, कारण ती ज्या वरच्या व्हेरियंटमध्ये होती तोच मी तिच्यासाठी निवडला होता.

या काळात मी या विषयावर बरेच वाचले आणि माझी गाडी हा अपवाद नाही हे लक्षात आले. टेस्लाने मॉडेल ३ ही गाडी ३१ मार्च २०१६ रोजी ३५ हजार डॉलर या किमतीसह दाखवली. २०१७ संपेपर्यंत आठवड्याला ५ हजार गाड्यांचे लक्ष्य होते, ते जून २०१८च्या शेवटच्या आठवड्यात गाठले गेले, तेही कॅलिफोर्नियातील फ्रीमाँटच्या कारखान्याबाहेर तंबू उभारून त्यात जुळणीची एक जादा रांग सुरू केल्यावर. प्रमाणाबाहेर यांत्रिकीकरण करणे ही चूक होती, हे टेस्लाचे प्रमुख इलॉन मस्क यांनी २०१८च्या एप्रिलमध्ये स्वतःच मान्य केले. ३५ हजार डॉलरची गाडी बाजारात यायला २०१९ उजाडले. भारतातूनही २०१६ मध्ये १००० डॉलर भरून या गाडीचे बुकिंग घेतले गेले होते. टेस्लाचे देशातले पहिले दालन मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात उघडले ते १५ जुलै २०२५ रोजी, आणि तिथे विक्रीला आली ती मॉडेल वाय. टेस्लाचाच सायबरट्रक हा पिकअप ट्रक २०१९ मध्ये ३९,९०० डॉलर ही किंमत आणि २०२१ हे वर्ष सांगून दाखवला गेला. पहिल्या गाड्या ग्राहकांना मिळाल्या ३० नोव्हेंबर २०२३ रोजी, आणि जाहीर झालेली सर्वांत कमी किंमत ६० हजार डॉलरच्या वर गेली होती. आपल्याकडे ओला इलेक्ट्रिकने १५ ऑगस्ट २०२२ रोजी २०२४ सालासाठी मोटार जाहीर केली होती. २०२४ मध्ये तो बेत बाजूला ठेवून कंपनीने दुचाकींवरच लक्ष देण्याचे ठरवले.

माझ्या अनुभवाशी सर्वांत जवळचे उदाहरण फोक्सवॅगनच्या आयडी.३ या गाडीचे आहे. २०२० मध्ये तिचे सॉफ्टवेअर वेळेत पूर्ण झाले नाही, तेव्हा कंपनीने पहिल्या ग्राहकांना सांगितले की दोन सुविधा नसलेली गाडी आता घ्या आणि त्या पुढच्या वर्षी अपडेटने मिळतील, किंवा थांबा. उशीर तिथेही झाला, पण काय नाही हे आधी सांगून निवड ग्राहकावर सोपवण्यात आली. मला असा प्रश्न ऑक्टोबरमध्ये विचारला असता तर मी आनंदाने पहिला पर्याय घेतला असता, कारण मार्गिकेच्या साहाय्यावाचून माझे सिन्नरचे जाणे-येणे अडत नव्हते, गाडीवाचून अडत होते.

उशिराची कारणे खरी असतात हे मी मान्य करते. बॅटरीचे सेल आजही मोठ्या प्रमाणावर बाहेरून येतात. नवी जुळणीची रांग पहिल्या दिवशी पूर्ण वेगाने चालत नाही. एखादा भाग कमी पडला तरी संपूर्ण गाडी अडते. २०२५च्या एप्रिलमध्ये चीनने काही दुर्मीळ मृदा मूलद्रव्ये आणि त्यांच्या चुंबकांच्या निर्यातीवर परवान्याची अट घातली तेव्हा मोटरमधल्या त्या लहानशा चुंबकांनी आपल्या वाहन कंपन्यांचीही उत्पादनाची गणिते बिघडवली. माझी गाडी त्याआधीच आली होती. सॉफ्टवेअरचे तर विचारायलाच नको, पूर्वी वेगवेगळ्या पुरवठादारांकडून तयार होऊन येणारे कितीतरी काम आता एका मुख्य संगणकावर आले आहे, आणि तिथला एक दोष पडदा, कॅमेरे आणि चार्जिंग या सगळ्यांना एकदम अडकवू शकतो.

पण ही कारणे कंपनीला आमच्या आधी माहीत असतात, आणि माझा आक्षेप नेमका तिथे आहे. एप्रिलमध्ये ऑक्टोबरची तारीख देताना सॉफ्टवेअरची चाचणी कुठवर आली आहे हे मला माहीत असण्याचा प्रश्न नव्हता, कंपनीला ते माहीत होते. तरीही तारीख दिली जाते, कारण तारीख दिल्यावर बुकिंग येते आणि बुकिंगचा आकडा जाहीर करता येतो. आमच्यासाठी मात्र ती तारीख किमतीइतकीच खरेदीच्या कराराचा भाग असते. शोरूमने गाडीची किंमत ऐनवेळी दीड लाखाने वाढवली असती तर त्यांनी निदान लेखी कळवले असते. चार महिन्यांहून अधिक उशिरासाठी मला एकही पत्र आले नाही, प्रत्येक नवी तारीख फोनवरच मिळाली, आणि बहुतेक वेळा फोन मीच केला होता.

तारीख पाळताच येत नाही, असेही नाही. शाओमी या मोबाइल बनवणाऱ्या कंपनीने २०२१ मध्ये मोटारीच्या व्यवसायात उतरत असल्याचे जाहीर केले आणि त्याच वर्षी २०२४च्या पूर्वार्धात उत्पादन सुरू करू असे सांगितले. त्यांची एसयू७ मार्च २०२४ मध्ये विक्रीला आली आणि एप्रिलमध्ये ग्राहकांच्या हाती पडू लागली. पहिलीच गाडी बनवणाऱ्या कंपनीला जमले ते वर्षानुवर्षे गाड्या बनवणाऱ्यांना का जमू नये, हे मला पटत नाही.

ज्यांचा विचार आता चालू आहे त्यांनी बुकिंगच्या अर्जावरची बारीक अक्षरातली अट आधी वाचावी. माझ्या अर्जात डिलिव्हरीची तारीख ‘अंदाजे’ आहे असे एक कलम होते आणि मी ते डिसेंबरमध्ये पहिल्यांदा वाचले. चेसिस नंबर हातात पडेपर्यंत जुनी गाडी विकू नये, कर्जाची अंतिम मंजुरीही त्यानंतरच घ्यावी. स्वतंत्र मीटर आणि चार्जर यांची मात्र तयारी ठेवावी, पण वीजजोडणी गाडीच्या आठवड्यात सुरू करून घ्यावी. आणि ‘अपडेटने येईल’ असे सांगितलेली सुविधा व्हेरियंट निवडताना हिशेबात धरू नये. फिस्कर ही विजेच्या गाड्या बनवणारी अमेरिकी कंपनी २०२४च्या जूनमध्ये दिवाळखोरीत गेली तेव्हा तिच्या ओशन या गाडीचे सॉफ्टवेअर पुढे चालू ठेवण्यासाठी मालकांनाच संघटना उभी करावी लागली. अपडेट हा कंपनीच्या भविष्यावर टाकलेला विश्वास असतो आणि त्याची वेगळी किंमत मोजण्याची तयारी असेल तरच तो धरावा.

गाडी मी ठेवणार आहे. कालच ती तिसऱ्या सर्व्हिसहून आली, टायर अदलाबदल आणि एसीचा फिल्टर एवढाच खर्च झाला, बॅटरीची तपासणी व्यवस्थित निघाली. मार्गिका साहाय्याबद्दल विचारले तेव्हा सर्व्हिस सल्लागारांनी मार्च सांगितले. मी त्यांना ते जॉब कार्डवर लिहून सही करून द्यायला सांगितले. त्यांनी आत जाऊन व्यवस्थापकांना विचारले, पाच मिनिटांनी परत आले आणि ‘मार्च २०२६, कंपनीकडून मिळालेल्या माहितीनुसार’ असे लिहून सही दिली. वीस महिन्यांत माझ्या हाती आलेली ही पहिली सही केलेली तारीख आहे. अपडेट आला किंवा नाही, ते मार्चअखेर इथेच नोंदवेन.