झिरकोनिया की ई-मॅक्स? वर्षभर दोन्ही कॅप वापरल्यावर

माझ्या तोंडात दातावर बसवलेल्या, दोन वेगळ्या सिरॅमिक मटेरियलच्या कॅप आहेत. रूट कॅनाल झालेल्या खालच्या दाढेवर झिरकोनिया आणि वर, हसताना दिसणाऱ्या उपदाढेवर लिथियम डायसिलिकेट, म्हणजे दवाखान्यात ज्याला ई-मॅक्स म्हणतात ते. वर्ष उलटून गेलंय. चकली, चिक्की, भाजलेले चणे सगळं चावून झालं, दोन्हींना टवका गेलेला नाही.

कॅप निवडताना सगळी चर्चा मजबुतीचीच होते. आकडे खरे आहेत. वाकवून मोडायला लागणारा ताण ई-मॅक्सला साधारण ४०० ते ५०० मेगापास्कल (ताण मोजायचं एकक), झिरकोनियाला हजाराच्या आसपास. झिरकोनियात तडा जाऊ लागला की त्याच्या टोकाशी असलेले स्फटिक रूप बदलतात, किंचित फुगतात आणि तडा तिथेच दाबला जातो. मेख अशी की हे वर्णन तीन टक्के यिट्रिया (झिरकोनियात मिसळतात ते एक ऑक्साइड) असलेल्या झिरकोनियाचं आहे, आणि ते दिसतं खडूसारखं पांढरट. दाताची झाक यावी म्हणून यिट्रिया पाचपर्यंत नेलं की ताकद ५०० ते ७०० वर उतरते, तडा दाबण्याचा गुणही जवळपास जातो. माझ्या वॉरंटी कार्डावर नुसतंच ‘झिरकोनिया’ छापलंय. कुठलं, ते लॅबला फोन करायला लावल्यावर कळलं.

मला छळलं ते मजबुतीने नाही, बसण्याने. झिरकोनियाची कॅप उंच लागत होती. केसभरच, पण जबडा संध्याकाळपर्यंत ठणकायचा. उंच जागेवर खूण उमटवणारा निळा कागद चावायला देऊन डॉक्टरांनी ती घासली, पण पॉलिश न करताच मला घरी पाठवलं. जीभ लावली की खरखर. पुन्हा जाऊन पॉलिश करून घेतलं, कारण खरखरीत झिरकोनिया समोरचा दात झिजवतं, गुळगुळीत केलेलं फारसं नाही.

कडांबाबत मात्र दोन्ही उत्तम. झिरकोनियाची कॅप मऊ ठोकळ्यातून २०-२५ टक्के मोठी कापतात आणि सुमारे १५०० अंशांवर भाजून आकसवतात, त्यामुळे मला तिथेच धास्ती होती. दात आणि कॅपमधली फट १२० मायक्रॉनपर्यंत (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) चालते असं सहसा धरतात. माझ्याकडे मोजायला काही नाही, पण फ्लॉस दोन्हीकडे न अडकता, न फाटता निघतो आणि हिरडी लाल होत नाही.

दिसण्यात ई-मॅक्स सरळ जिंकतं. त्याला आतून ॲसिडने खरवडून दाताला पक्कं चिकटवता येतं, हाही मोठा फायदा. झिरकोनियावर त्या ॲसिडचा तसा उपयोग होत नाही, म्हणून तिथे कॅप धरून ठेवायला दाताचा खुंट पुरेसा उंच लागतो. माझी पलीकडची दाढ झिजून बुटकी झालीय. तिथे मी ई-मॅक्सच बसवणार आहे, अर्थात चावताना कॅपच्या जाडीसाठी दीड मिलिमीटरची जागा मिळाली तर.