रिपीटर, मेश की सरळ वायर?

आतल्या खोलीत व्हिडिओ कॉल अडकतो म्हणून वायफाय वाढवणारं काही खरेदी करायला निघण्याआधी लॅपटॉप लॅन केबलने थेट राउटरला जोडा आणि स्पीड बघा. तिथेच बोंब असेल तर काहीही विकत घेऊ नका, कंपनीकडे तक्रार नोंदवा. फायबरच्या डब्यावर 'एलओएस'चा (लॉस ऑफ सिग्नल, म्हणजे सिग्नलच येत नाही) दिवा लाल असेल तर लाइन कुठेतरी तुटली आहे, नाहीतर मागची बारीक वायर फार वाकली आहे. अशा वेळी टाचणी खुपसून रीसेट मुळीच करू नका. दिवा लालच राहतो आणि सेटिंग मात्र पुसली जातात.

केबलवर सुसाट आणि वायफायवर रडगाणं, असं असेल तरच पुढचं वाचा.

आमचं घर पुण्यात सदाशिव पेठेतल्या जुन्या इमारतीत, भिंती चांगल्या जाडजूड. जोडणीला आलेल्या मुलाने राउटर दारापाशी चपलांच्या कपाटावर ठेवला, तो तिथेच राहिला. माझं टेबल दोन भिंती आणि एका लोखंडी कपाटापलीकडे.

आधी रिपीटर आणला, म्हणजे राउटरचं वायफाय पकडून पुढे फेकणारा छोटा डबा. स्वस्त, प्लगमध्ये खोचला की झालं. फोनवर दांड्या पूर्ण, कॉल तसाच गोठलेला! चूक माझीच, टेबलाशेजारी लावला होता. जिथे मूळ सिग्नल अजून चांगला येतो अशा मधल्या जागी तो लागतो. तरीही साधा रिपीटर एकाच रेडिओवर ऐकतो आणि बोलतो, त्यामुळे स्पीड साधारण निम्मा होतो.

मेश, म्हणजे घरभर ठेवायचे एकमेकांशी जोडलेले वायफायचे डबे, त्याहून शहाणा. घरभर एकच नाव, फिरताना फोन आपोआप जवळचा डबा पकडतो. बाणेर-खराडीत भाड्याने राहत असाल आणि मालक भिंतीला ड्रिल लावू देत नसेल तर हाच घ्या. पण महाग, आणि डब्यांमधला दुवाही शेवटी हवेतूनच जातो; पेठेतली भिंत त्यालाही भिंतच. शिवाय गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज गेली की प्रत्येक डब्याला वेगळा बॅकअप लागतो.

मी शेवटी कॅट-६ वायर (लॅन केबलचाच एक प्रकार) ओढली. १०० मीटरपर्यंत चालते, मला वीसच लागली. केसिंग पट्टीतून चौकटीच्या कडेने नेली. पहिल्या दिवशी लॅपटॉप १,००० ऐवजी १०० एमबीपीएसची लिंक दाखवत होता. वायरमधल्या आठ तारांपैकी एक कनेक्टरमध्ये नीट बसलीच नव्हती. टोक कापून कनेक्टर पुन्हा क्रिंप केला, म्हणजे दाबून बसवला, आणि १,००० आलं. तुमच्या राउटरचे पोर्टच १०० चे असतील तर मात्र वायरला दोष देऊ नका. घर स्वतःचं आणि टेबल एका जागी असेल, तर माझं मत वायरलाच.

फुकटचा उपायही आधी करून बघा: राउटर उंच आणि मोकळ्यावर ठेवा, जवळच्या खोल्यांत वायफायचा ५ गिगाहर्ट्झचा बँड वापरा. २.४ गिगाहर्ट्झच्या बँडवर एकमेकांत न घुसणारे चॅनेल (सिग्नलच्या वाटा) तीनच, १, ६ आणि ११, आणि शेजारचे दहा राउटर त्यातच कोंबलेले असतात.

रिपीटर आता स्वयंपाकघराबाहेरच्या पॅसेजमध्ये आहे. कुकरच्या शिट्ट्या मोजत आई त्यावर कीर्तन ऐकते, तेवढ्याला तो पुरतो.