दहाचाकी टिपरला ट्यूबलेस डिस्क : खाणीतल्या नऊ महिन्यांचा अनुभव

पुण्याजवळच्या वाघोली-लोणीकंद पट्ट्यातल्या खाणींवर माझे दोन टिपर चालतात, दोन्ही दहाचाकी. गेल्या मे महिन्यात नव्या गाडीची सगळी चाकं बदलली. १०.००-२० टायरच्या तीन तुकड्यांच्या डिस्क (टायर ज्यावर बसतो ते लोखंडी चाक) काढल्या आणि २२.५ इंची अखंड ट्यूबलेस डिस्क बसवल्या, त्यावर ११ आर २२.५ रेडिअल टायर. जुन्या गाडीच्या डिस्क तशाच ठेवल्या. त्यामुळे एकच खाण, तोच रस्ता, तेच ४ ब्रासचं वजन आणि दोन तऱ्हेची चाकं शेजारी शेजारी बघायला मिळाली. बरेच जण खर्च करायच्या विचारात आहेत, म्हणून सविस्तर लिहितोय.

बदलायचं कारण आधी सांगतो. तीन तुकड्यांच्या डिस्कमध्ये टायर धरून ठेवते ती लॉक रिंग. ती खाचेत नीट बसली नसेल, गंजली असेल किंवा दुसऱ्याच डिस्कची असेल, तर हवा भरताना सुटते. गेल्या वर्षी पंक्चरच्या दुकानात माझ्या डोळ्यांसमोर ती सुटली आणि वरच्या पत्र्यातून आरपार गेली. हवा भरणारा पोरगा नेमका कॉक बंद करायला दोन पावलं मागे सरकला होता. टायर लोखंडी पिंजऱ्यात ठेवून हवा भरायची असते, तिथे पिंजरा नव्हता. ते दृश्य आजही डोळ्यांसमोरून जात नाही. अखंड डिस्कमध्ये सुटण्यासारखा तुकडाच नाही. एवढ्या एका गोष्टीसाठी मी पुन्हाही पैसे घालीन.

तुकड्यांची डिस्क मुळातच वाईट असं मात्र म्हणायचं नाही. आमच्या क्रशरवरच्या लोडरला २३.५-२५ चे टायर आहेत, त्यांची डिस्क पाच भागांची आहे. तो टायर इतका ताठ असतो की त्याची कड टॉमीने (लोखंडी पहारीने) वाकवून डिस्कवर चढवणं माणसाच्या हातचं नाही. डिस्कच उघडावी लागते. तिथे तीच रचना बरोबर. प्रश्न येतो तो तुकड्यांची अदलाबदल झाली की. दहाचाकीच्या टायरला मात्र तुकड्यांची गरज नाही. डिस्कमध्ये एक खोल खाच असते, टायरची एक बाजू तिच्यात उतरवली की दुसरी बाजू कडेवरून चढते. टायर जिथे टेकतो तो भाग १५ अंश उतरता असतो, त्यामुळे हवेच्या दाबाने टायर बाहेर सरकत जातो आणि पाचरीसारखा घट्ट बसतो. जुन्या डिस्कला हा उतार ५ अंशांचा.

आता टिकाऊपणा. घेताना मीही सगळ्यांसारखाच विचार केला होता: पत्रा जाड बघून घ्यायचा. दुकानात दोन प्रकार होते, मी जड घेतला. नऊ महिन्यांनी सांगतो, जाडीचा फायदा आहे, पण चाकाचं आयुष्य दुसरीकडेच ठरतं. डिस्क हबवर (धुऱ्याच्या टोकाच्या, चाकाबरोबर फिरणाऱ्या भागावर) जिथे टेकते ती बैठक आणि तिला दाबून धरणारे नट, हे जर नीट नसेल तर जाड डिस्कही तडकते आणि स्टडही (हबमधले बोल्ट, ज्यांवर नट बसतात) तुटतात.

हे मी शिकलो दसऱ्याला. खंडेनवमीच्या आदल्या दिवशी टायरची अदलाबदल करायची म्हणून मागची चाकं उतरवली होती. आमचे ड्रायव्हर मामा गाडीवर पोटच्या पोरासारखी माया करतात. त्यांनी स्वतःच्या पैशाने चंदेरी रंग आणला आणि संध्याकाळपर्यंत डिस्क पुढून-मागून दोन हात देऊन रंगवल्या. झेंडूच्या माळा घातल्यावर गाडी अशी दिसत होती की शेजारच्या खाणीवरचे लोक बघायला आले. रंग वाळल्यावर चाकं चढवली, नट आवळले. तिसऱ्या दिवशी मामांचा फोन आला. ‘‘शेठ, डाव्या मागच्या चाकातून कट-कट आवाज येतोय. मी गाडी बाजूला लावलीये, हलवत नाही.’’

जाऊन बघितलं तर दहापैकी चार नट साध्या पान्याने फिरत होते. चाक उतरवलं. बैठकीवरचा रंग चुरडून त्याचा राखाडी लगदा झाला होता, आणि स्टडच्या भोकांपाशी लोखंड घासून आरशासारखं चकचकीत झालं होतं. मामांचा चेहरा उतरला. त्यांचा काही दोष नव्हता, बैठकीला रंग लावायचा नाही हे मीच त्यांना कधी सांगितलं नव्हतं.

कारण असं आहे. गाडीचं वजन स्टडवर लटकत नाही. नट आवळला की स्टड रबरासारखा किंचित ताणला जातो आणि तो ताण डिस्कला हबवर दाबून धरतो. त्या दाबातल्या घर्षणावर चाक वजन पेलतं. स्टडचा हा ताण जेमतेम केसाच्या जाडीइतका. मागे जोडचाक, म्हणजे हब आणि आतली डिस्क, आतली आणि बाहेरची डिस्क, बाहेरची डिस्क आणि नट, अशा तिन्ही सांध्यांत रंग. तो चुरडून तेवढाच पातळ झाला की स्टडचा सगळा ताण गेला. मग डिस्क घासायला लागते, स्टड दर फेऱ्याला वाकतो आणि एकामागून एक तुटत जातात. नवीन डिस्कवर कारखान्याचा रंग असतोच, पण तो पातळ आणि भट्टीत भाजलेला. आपण ब्रशने लावतो त्याची जाडी वेगळी.

‘दर फेऱ्याला’ हे नुसतं बोलायला म्हणत नाही. या टायरचा घेर साधारण ३.३ मीटर, म्हणजे एका किलोमीटरला चाक ३०० फेरे घेतं. माझी गाडी दिवसाला १०० किलोमीटर धरली तर रोजचे ३०,००० फेरे. आतापर्यंतचे कामाचे दिवस २२० च्या आसपास, म्हणजे ६६ लाख. प्रत्येक फेऱ्यात डिस्कचा प्रत्येक बिंदू एकदा दाबला जातो, एकदा सुटतो. लोखंड एका दणक्याने क्वचित तुटतं, ते अशा वाकण्याने थकतं. म्हणूनच डिस्कच्या चाचण्याही फिरवूनच घेतात: एकीत डिस्कला आडवा झोक देऊन फिरवत ठेवतात, दुसरीत टायरसकट जास्त वजनाने ड्रमवर दाबून चालवतात. आपल्या पुण्याच्या वेताळ टेकडीवरच्या एआरएआयमध्ये, म्हणजे १९६६ मध्ये स्थापन झालेल्या वाहन-संशोधन संस्थेत, अशा चाचण्या होतात. डिस्क घेताना चाचणीचा दाखला जरूर मागा. मात्र चाचणीत बैठक स्वच्छ असते आणि नट मोजून आवळलेले असतात. खाणीत ते आपण करायचं असतं.

त्या दिवसानंतर ठरवलेली पद्धत सांगतो. चाक चढवण्याआधी हबची आणि डिस्कची बैठक तारेच्या ब्रशने लोखंड दिसेपर्यंत घासायची, फडक्याने पुसायची. बैठकीवर तेल, ग्रीस, रंग काहीही नको. नटाच्या आट्यांवर आणि नट व त्याच्या वॉशरच्या मध्ये मात्र तेलाचा एकेक थेंब. नट समोरासमोरचे घ्यायचे, ओळीने नाही. आमच्या एम २२, म्हणजे २२ मिलिमीटर जाडीच्या स्टडला ६०० न्यूटन-मीटरच्या आसपास पीळ लागतो. सोप्या भाषेत, ६० किलोचा माणूस एक मीटर पाइपच्या टोकाला पूर्ण वजनाने लोंबकळला तर जेवढा पीळ बसेल तेवढा. पूर्वी आम्ही पाइपवर उभे राहून उड्या मारायचो, तो पीळ दुपटीच्याही वर जात असणार. जास्त आवळणंही वाईट, स्टड एकदा कायमचा ताणला गेला की तो दाबून धरत नाही. हवेच्या गनने आवळून सोडलेल्या नटांवरही विश्वास नको. टॉर्कचा, म्हणजे पीळ मोजून आवळायचा पाना घेतला, एका टायरच्या किमतीपेक्षा कमीत आला. चाक चढवल्यावर ५० किलोमीटरने पुन्हा पाना लावायचाच, कारण सांधा थोडा बसतो.

नट आवळून झाले की मामा नटापासून डिस्कवर पांढऱ्या ऑइलपेंटची एक बारीक रेघ ओढतात. रोज सकाळी इंजिन सुरू करायच्या आधी गाडीभोवती फेरी. रेघ तुटलेली दिसली तर नट फिरला. नटाभोवती तांबूस गंजाचे ओघळ दिसले तरी तोच अर्थ, आत काहीतरी हलतंय. दसऱ्यानंतर एकाही नटाची रेघ हललेली नाही.

इथे एक सावधगिरी. नव्या गाडीचा हब मुळातच सपाट नटांचा होता, म्हणजे डिस्कचं मधलं भोक हबच्या खांद्यावर नेमकं बसतं आणि डिस्क त्यावर मध्यात येते. जुन्या गाडीला उतरत्या तोंडाचे नट आहेत, तिथे नटच डिस्कला मध्यात आणतात. दोन्ही दहा स्टडचे, दोन्हींच्या स्टडच्या वर्तुळाचा व्यास ३३५ मिलिमीटर. त्यामुळे एकीची डिस्क दुसरीवर चढते, आणि तिथेच धोका आहे. उतरत्या तोंडाचा नट सपाट भोकाच्या कडेवर टेकला तर त्याला बसायला जागाच नसते. आमच्या शेडमध्ये दोन्हींच्या नटांचे डबे आता वेगळ्या रंगांचे आहेत. जुन्या गाडीला या डिस्क घालायच्या तर हब आणि स्टडसकट सगळं बदलावं लागेल, म्हणून ते थांबवलं आहे.

वजनाचं एक सांगून टाकतो. २०१८ मध्ये नियम बदलले तेव्हा दहाचाकीचं एकूण वजन २५ टनांवरून २८.५ टन झालं, मागच्या जोड धुऱ्यांना २१ टन. म्हणजे मागच्या आठ चाकांपैकी प्रत्येकावर २.६ टनांच्या वर. ही वाटणी सपाट रस्त्यावरची. जोडीतला एक टायर खाली बसला की दुसऱ्यावर दुप्पट. कागदोपत्री वजनाच्या वर भरणाऱ्यांनी डिस्कला दोष देऊ नये असं मला मनापासून वाटतं.

आता तक्रारी. पहिली आणि मोठी: ट्यूबलेस डिस्कची कड बुटकी असते, जेमतेम अर्धा इंच उंच. जुन्या डिस्कची कड तिच्या जवळपास तिप्पट उंच, ती टायरच्या कुशीला, म्हणजे बाजूच्या भिंतीला, आडोसा द्यायची. आपला काळा पाषाण फुटतो तो धारदार. खाणीच्या उतारावर चाक दगडावरून घसरलं की घाव थेट कडेवर किंवा टायरच्या कुशीवर. नऊ महिन्यांत दोन डिस्कच्या कडा वाकल्या. एकीतून हवा जात राहिली आणि ती बाद करावी लागली. ठोकून सरळ करून देतो म्हणणारे भेटले, मी नाही म्हटलं. वाकलेली डिस्क तापवून ठोकणं आणि तडा गेलेली वेल्डिंग करणं, दोन्ही बंद. पूर्वी मीही हात घालायच्या भोकापाशी गेलेला तडा वेल्डिंग करून घेतला होता. महिन्यात वेल्डिंगच्या शेजारून नवीन तडा निघाला.

दुसरी तक्रार डिस्कची नाही, आपल्या सोयींची आहे. या डिस्कची खोल खाच मध्यावर नसते, एका कडेच्या जवळ असते, आणि टायर त्याच बाजूने चढवायचा असतो. हायवेवरच्या एका दुकानात उलट्या बाजूने टॉमी घालून नव्या टायरची कड फाडून दिली. दुसरीकडे टायर डिस्कला चिकटत नव्हता म्हणून पेट्रोल टाकून काडी लावायला निघाले होते, मी हात धरला. टायर आतल्या आत फुटून माणसं मरतात त्याने. कडेला साबणाचं पाणी लावून, हवा एकदम सोडायची टाकी असेल अशाच दुकानात काम द्या.

पंक्चरचा फरक मोठा आहे. ट्यूबवाल्या गाडीला ट्यूब, फ्लॅप (ट्यूब आणि डिस्कमधला रबरी पट्टा), टायर अशा तीन वस्तू एकमेकींना घासतात, आणि पंक्चर झालं की टायर लगेच बसतो. ट्यूबलेस हळूहळू उतरतो, गाडी बहुतेक वेळा शेडपर्यंत येते. आतल्या चाकाची हवा तपासायला व्हॉल्व्हला लांब नळी मात्र लावून घ्या, नाहीतर आतला टायर कोणी तपासत नाही.

पावसाळ्यात हबकडे लक्ष द्यावं लागलं. मुरमाचं पाणी सीलमधून आत शिरलं की ग्रीस दुधट होतं. ऑगस्टमध्ये उजव्या मागच्या हबमध्ये ते सापडलं, सील आणि ग्रीस बदललं, बेअरिंग वाचलं. हा दोष नव्या डिस्कचा नाही, पण चाक म्हणताना हब, सील, बेअरिंग सगळं एकच धरा. एका विक्रेत्याने जोडचाकांमधली फट वाढवायला मध्ये चकती घालायचा सल्ला दिला होता, तो याच कारणाने नाकारला. चाक जितकं बाहेर, तितका वजनाचा रेटा दोन बेअरिंगांच्या मधून सरकून बाहेरच्या बेअरिंगवर येतो, शिवाय सांध्यात आणखी एक तोंड वाढतं.

फटीत दगड अडकण्याचा प्रश्न त्यामुळे तसाच राहिला आहे. मोठा डबर दोन टायरांच्या मध्ये बसला की दोघांच्या कुशी कापतो, आणि रस्त्यावर उडाला तर मागच्या मोटरसायकलवाल्याच्या जिवावर बेततं. सध्या तरी खाणीच्या तोंडाशी, डांबरी रस्ता लागण्यापूर्वी, मामा गाडी थांबवतात, टॉमी घेऊन उतरतात आणि चारही जोड्या बघून मगच पुढे निघतात.