पुण्याच्या कार क्लबने चेन्नईचा ट्रॅक का घ्यावा

पुण्यातल्या कार क्लबला ट्रॅक डे, म्हणजे आपापल्या गाड्या शर्यतीच्या ट्रॅकवर चालवण्याचा दिवस, करायचा असेल तर माझं मत पक्कं आहे: चेन्नईजवळचा इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक घ्या. मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबचा हा ट्रॅक १९९० पासून चालू आहे, आता त्याला मद्रास इंटरनॅशनल सर्किट म्हणतात. लांबी ३.७१७ किलोमीटर, वळणं बारा. आमच्या क्लबच्या ट्रॅक डेचं नियोजन माझ्याकडे असतं आणि नोकरी चाकणला, ब्रेकचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात क्वालिटी विभागात. त्यामुळे कोणाचा लॅप टाइम, म्हणजे एका फेरीचा वेळ, किती आला हे इथे सापडणार नाही. गाडी आणि माणूस दोन्ही धड घरी येतात का, एवढंच मी बघते.

अंतराचं नाव काढलं की निम्मा ग्रुप मागे सरतो. पण राष्ट्रीय महामार्ग ४८ पुण्याहून कोल्हापूर, बेळगाव, हुबळी, बंगळूर, वेल्लोर करत श्रीपेरुंबुदूरला जातो आणि ट्रॅक त्याच रस्त्यावर, जरा पुढे आहे. साडेअकराशे किलोमीटरच्या आसपास प्रवास, वाटेत चित्रदुर्गला मुक्काम. परतीचा प्रवास मात्र ट्रॅकच्या दिवशी संध्याकाळी सुरू करू देत नाही. दिवसभर उन्हात हेल्मेट घालून चालवलेल्या माणसाने रात्री हायवेवर गाडी काढायची नाही, हा नियम कोणासाठीही मोडत नाही.

आता मुख्य गोष्ट. या ट्रॅकचं भाडं मला पटतं ते मार्शल लोकांमुळे, म्हणजे ट्रॅकच्या कडेला उभं राहून झेंड्याने धोक्याची खूण करणाऱ्यांमुळे. आधी आम्ही दुसऱ्या एका आयोजकाकडे, एका खासगी धावपट्टीवर गेलो होतो. तिथे रबरी कोन मांडलेले, वॉकी-टॉकी फक्त सुरुवातीला उभ्या असलेल्या माणसाकडे, झेंडेवाला कुठेच नाही. एक गाडी गरकन फिरून आडवी थांबली आणि मागून येणाऱ्याला ते अगदी जवळ आल्यावर दिसलं. थोडक्यात वाचलो. त्या दिवसानंतर ‘मार्शल किती, कुठे उभे राहणार, अ‍ॅम्ब्युलन्स कोणत्या दाराने बाहेर पडणार’ हे मी भाड्याच्या आधी विचारते.

मद्रासच्या क्लबला हे काही नवीन नाही. हा ट्रॅक व्हायच्या आधी त्यांच्या शर्यती शोळावरमच्या जुन्या धावपट्टीवर होत असत, म्हणजे कित्येक दशकांची सवय आहे. आमच्या दिवशीही एक ऑक्टाव्हिया घसरून गवतात गेली. मागच्या गाड्यांना वळणाच्या आधीच पिवळा झेंडा दिसला होता, सगळ्यांनी वेग उतरवला, ओव्हरटेक कोणीही केलं नाही. ती गाडी ओढून काढून तिच्या टायरमधले खडे साफ होईपर्यंत सेशन थांबवलं. कोणाचा आवाजसुद्धा चढला नाही. असं काम बघितलं की मन भरून येतं, खरंच.

सकाळच्या ब्रीफिंगला जो उशिरा आला तो पहिल्या सेशनला बसत नाही. नवख्यांचा गट वेगळा, त्यांच्या पहिल्या फेऱ्या अनुभवी ड्रायव्हरच्या मागे, त्याची लाइन, म्हणजे वळणातून जायचा मार्ग, बघत. ओव्हरटेक फक्त सरळ पट्ट्यावर आणि पुढच्याने हात दाखवला तरच. मुख्य सरळ पट्टा संपतो तिथलं पहिलं वळण, ज्याला सगळे सी-वन म्हणतात, भलतंच वेगवान आहे. तिथे नवख्याने धाडस करायचं नाही, हे मी नाव घेऊन सांगते.

ब्रेकवर मी जरा जास्त बोलणार. ब्रेक फ्लुइड हवेतली ओल शोषून घेतं. डॉट ४ या ब्रेक फ्लुइडच्या प्रकाराच्या मानकात नव्या फ्लुइडचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस लागतो; ओल धरलेल्या फ्लुइडसाठी हीच किमान मर्यादा १५५ आहे. शहरात हा फरक जाणवत नाही. ट्रॅकवर काही फेऱ्यांत फ्लुइड उकळतं, त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि ब्रेकचं पेडल स्पंजसारखं दबत खाली जातं. आमच्यातले अबार्थ पुंटोवाले काका म्हणाले, “अगं, गेल्याच महिन्यात सर्व्हिसिंग झालंय.” मी म्हटलं, “काका, बिल दाखवा.” बिलात इंजिन ऑइल होतं, ब्रेक फ्लुइड नव्हतं. पुण्यातच बदलून घेतलं, मगच नाव यादीत आलं. ब्रेक पॅड निम्मे झिजलेले असतील तर नवे टाकूनच या. आणि सेशन संपल्यावर एक फेरी सावकाश मारून गाडी थंड करा, पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकलगतच्या गाड्या थांबवायच्या जागेत, हँडब्रेक ओढू नका. गिअरमध्ये ठेवा, चाकाखाली ठोकळा लावा.

जुन्या पोलो जीटी टीएसआयवाल्यांना एक सूचना: त्या गाडीच्या सात गिअरच्या डीएसजी या ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये कोरडा क्लच आहे, तो तापतो. सेशन लहान ठेवा, पिट लेनच्या रांगेत गाडी रांगवत बसू नका.

विम्याचं आधीच स्पष्ट सांगते, कारण हे ऐकून काहींची तयारी बदलते. आपल्या नेहमीच्या मोटर पॉलिसीत आयोजित शर्यत आणि वेगाची चाचणी यांसाठीचा वापर वगळलेला असतो. म्हणजे ट्रॅकवर पत्रा वाकला तर खर्च स्वतःचा, असं धरूनच या. ज्या गाडीचे हप्ते चालू आहेत ती आणायची की नाही, हे घरी बोलून ठरवा.

दुसरे पर्याय विचारणाऱ्यांसाठी: कोइमतूरजवळ चेट्टिपाळयमला करी मोटर स्पीडवे आहे, २००३ मध्ये सुरू झालेला, शर्यतीच्या गाड्या चालवणाऱ्या आणि बनवणाऱ्या करिवर्धन यांच्या नावाचा. तो लहान आहे, पहिल्यांदा येणाऱ्या हॅचबॅकवाल्यांना मला आवडेल. ग्रेटर नोएडाचा बुद्ध सर्किट ५.१२५ किलोमीटरचा, २०११ ते २०१३ भारतातली फॉर्म्युला वन शर्यत तिथेच झाली. मोह होतो, पण त्याच्या लांब सरळ पट्ट्यावर साधी गाडीही भरपूर वेग घेते आणि तो सगळा वेग शेवटी ब्रेकनेच उतरवायचा असतो. आमच्या क्लबमध्ये बहुतेक गाड्यांना कंपनीचेच ब्रेक आहेत, म्हणून सध्या नको.

तारीख जानेवारी किंवा फेब्रुवारीतली धरा. ऑक्टोबर ते डिसेंबर तिकडे परतीचा मान्सून असतो आणि मार्चपासून ऊन माणसाला आणि टायरला दोघांनाही दमवतं. शर्यतींचं वेळापत्रक लागलं की मोकळे दिवस कमी उरतात, तेव्हा दिवाळीच्या आधीच पत्र पाठवून तारीख मागा, आणि त्याच पत्रात मार्शल आणि अ‍ॅम्ब्युलन्सची संख्या लेखी मागून घ्या.