यवतेश्वरचा घाट की माहुलीचा रस्ता?

साताऱ्यात शाहूनगर-गोडोलीकडे राहणाऱ्या माणसानं रोडबाईक, म्हणजे बारीक टायरची वेगवान सायकल घेतली की पंधरा दिवसांत एकच प्रश्न उरतो: पहाटे हँडल कुठं वळवायचं? हायवे सोडूनच द्या. बारा मोटेची विहीर बघायला लिंब गावापर्यंत एखाद्या रविवारी ठीक, रोजचं काम नाही. मग राहतात दोन रस्ते. पूर्वेला माहुलीवरून कोरेगाव, पश्चिमेला समर्थ मंदिरावरून यवतेश्वर आणि पुढं कास.

माझं पहिलं वर्ष माहुलीकडं गेलं आणि ते वाईट गेलं असं म्हणणार नाही. रस्ता सपाट, पायांना एक ताल सापडतो, घड्याळात वेगाचे आकडे छान दिसतात. कृष्णा-वेण्णेच्या संगमावर थंडीत धुकं असतं, दोन मिनिटं थांबावंसं वाटतं. थोरल्या शाहू महाराजांच्या लाडक्या खंड्या कुत्र्याची समाधी इथंच आहे. पुढच्या गावांतली त्याची भाऊबंद मंडळी मात्र सायकलवाल्याच्या पोटरीवर डोळा ठेवून असतात. त्याचीही सवय होते.

सवय झाली नाही ती उसाच्या ट्रॅक्टरची. दिवाळीच्या सुमारास हंगाम सुरू झाला की दोन-दोन ट्रॉल्या जोडून गाड्या निघतात. ड्रायव्हर तुमच्या शेजारून जातो, पहिली ट्रॉली जाते, आणि सायकल मागं पडली असं समजून तो डावीकडं येतो. दुसरी ट्रॉली अजून तुमच्या खांद्याशी असते. वरून टेप एवढ्या जोरात, की तुम्ही ओरडून काही उपयोग नाही. तीनदा मी सायकल खडीत उतरवली. तिसऱ्यांदा पडलो. हाड शाबूत राहिलं, पण उसाचं पाचट कानावर घासून गेलं ते अजून आठवतं. त्यात चूक कुणा एकाची नाही, त्यालाही कारखान्यावर नंबर लावायचा असतो. पण थंडीचे चार महिने, म्हणजे नेमके सायकलीचे दिवस, असे मान मागं वळवत काढायचे?

म्हणून घाट धरला. पहिल्या आठवड्यात दोनदा उतरून ढकलली, हे कबूल. मागं ३२ दातांचं चक्र, म्हणजे चढाला हलका गिअर असेल तर जमतं, नसेल तर गुडघे बोलतात. पण चढावर मागची गाडीही दमलेली असते आणि तिचा आवाज दोन वळणं आधी येतो. यवतेश्वरच्या पुढं धारेवर आलं की एका बाजूला कण्हेर धरणाचं पाणी, दुसऱ्या बाजूला उरमोडी धरणाचं. कासच्या तलावाचं पाणी याच डोंगरावरून आपसूक उताराला लागून साताऱ्यात येतं. आपण त्याच्या उलट्या दिशेनं घाम गाळत वर जातो, याची मला दर वेळी गंमत वाटते.

घाटाला खोट नाही असं नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरात कासला फुलं आली की शनिवार-रविवार तिकडं फिरकू नये. भर पावसात दरडीचे दगड रस्त्यावर असतात. आणि ज्याला अजून सपाटीवरच धाप लागते त्यानं महिनाभर माहुलीच करावी, हंगाम नसताना.

मी मात्र आठवड्यातल्या मधल्या दिवशी साडेपाचला निघतो आणि यवतेश्वरच्या देवळापाशी पाणी पितो. उतरताना ब्रेक दाबून दाबून चाकाची रिम तापते, म्हणून एकदा थांबून तिला बोट लावून बघतो. चटका बसला तर खाली अजिंक्यतारा न्याहाळत पाच मिनिटं उभा राहतो.