एएमई (विमान देखभालीचं इंजिनिअरिंग) झाल्यावर ‘वर्षात डिग्री’ म्हणणाऱ्यांपासून सांभाळा. माझे 1,39,700 गेले

आधी आकडा सांगतो, घरात तो रोज ऐकतोय: 1,39,700 रुपये. नोंदणी 11,500, पहिला हप्ता 60,000, दुसरा 45,000, परीक्षा फी 8,200 आणि शेवटी ‘व्हेरिफिकेशन’च्या नावाखाली 15,000. पहिला हप्ता रोख. आईच्या पाटल्या सोसायटीत ठेवून काढलेला.

बंगळूरला एएमई करून खानापूरला परत आलो होतो. लायसन्ससाठी डिग्री लागत नाही, डीजीसीएच्या, म्हणजे केंद्राच्या विमान वाहतूक खात्याच्या, मॉड्यूलच्या परीक्षा आणि अनुभव लागतो, हे मला पाठ आहे. पण पुढं एमबीए करायचं तर पदवी पाहिजे, परदेशी नोकरीच्या फॉर्मवरही पहिला रकाना तोच. आमच्याकडं तर ‘डिग्री कुठली?’ हा प्रश्न लग्नाच्या बैठकीतसुद्धा येतो.

ऑफिस कोल्हापुरात. बोर्डावर परराज्यातल्या एका खासगी विद्यापीठाचं नाव, खाली ‘बीएस्सी एव्हिएशन, तुमचं ट्रेनिंग धरून एका वर्षात’. असली ऑफिसं सगळ्यांनीच बघितलीत, जास्त सांगत नाही. काचेची केबिन, भिंतीवर विमान, दोनच सीट शिल्लक. आणि मी काही डोळे झाकून गेलो नव्हतो. यूजीसीच्या बनावट विद्यापीठांच्या यादीत नाव शोधलं, नव्हतं. मान्यताप्राप्त यादीत बघितलं, होतं. खरी मेख तिथंच आहे. विद्यापीठ खरंच होतं. माझा प्रवेश तेवढा खोटा.

पैसे भरले ऑगस्ट 2023 मध्ये. ओळखपत्र आलं, त्यावर प्रवेश सत्र छापलं होतं 2021. त्या साली मी बंगळूरच्या हँगरमध्ये हात काळे करत होतो! विचारलं तर ऑफिसातला माणूस म्हणाला, “क्रेडिट ट्रान्स्फर हो सर, नव्या धोरणात असंच असतंय.” आता सांगा, यात न पटण्यासारखं काय होतं? डिप्लोमावाल्यांना इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला थेट घेतात, हे बेळगावात शाळेतल्या पोरालाही माहीत असतं. पण थेट दुसऱ्या वर्षाला गेलेल्याच्या कार्डावरही तो आला तेच साल असतं. मागची तारीख कोणतंच विद्यापीठ कायदेशीरपणे घालत नाही. ते 2021 आठवलं की आजही अंगाचा तिळपापड होतो. नंतर वकिलांनी सांगितलं, बनावट आहे हे कळल्यावर त्यांनी दिलेली मार्कशीट कुठं वापरली असती तर गुन्हा माझ्यावरच आला असता.

भांडं फुटलं ते नोकरीच्या पडताळणीत. विद्यापीठानं एका ओळीत कळवलं, हा नोंदणी क्रमांक आमच्याकडचा नाही. डिजिलॉकरमध्येही काही नव्हतं. मार्कशीट हातात पडली की तिथं बघा, ‘येईल महिन्याभरात’ ऐकून घेऊ नका.

पुढची कथा पोलिसांची. बेळगावात फौजदारसाहेब म्हणाले, ऑफिस महाराष्ट्रात, तिकडं जा. कोल्हापुरात म्हणाले, तुम्ही कर्नाटकातले, खातं बेळगावच्या बँकेत, तिकडंच द्या. परत इकडं आलो तर अर्ज कन्नडमधून लिहून आणा. लिहून आणला, तर ‘रोख दिल्याचा पुरावा काय?’ हद्द कुणाचीही असो, दखलपात्र गुन्ह्याची माहिती कोणत्याही ठाण्यात नोंदवून घ्यायची, असं नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 173 सांगतं. मी छापील कागद पुढं ठेवला. साहेबांनी तो चहाच्या कपाखाली सरकवला. सीमेचा दावा 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, माझी तक्रार त्याच्या मागं रांगेत लावली असावी. फसवणाऱ्यांना सीमा बरोबर कळते. ऑफिस अलीकडं, गिऱ्हाईक पलीकडं. शेवटी रजिस्टर्ड पोस्टानं पोलीस आयुक्तांना अर्ज पाठवला. पोचपावती आली, बाकी शांतता.

रोख देऊ नका. पावती ‘एज्युकेशनल सर्व्हिसेस’च्या नावानं निघाली तर तिथंच उठा, फी विद्यापीठाच्या खात्यातच जाते. पैसे ऑनलाइन गेले असतील तर त्याच दिवशी सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, 1930 ला, फोन करा, उशीर झाला की पैसा पुढं सरकलेला असतो. राज्याबाहेर फ्रँचायझी काढून डिग्री वाटायला यूजीसीची परवानगी नाही. दूरस्थ कोर्स असेल तर यूजीसीच्या दूरस्थ शिक्षण विभागाच्या साइटवर विद्यापीठ नको, तो कोर्स आणि ते साल शोधा. आणि हे तर कुणी मला सांगितलंच नाही: 2022 पासून एक नियमित आणि एक दूरस्थ असे दोन कोर्स एकाच वेळी करता येतात. एएमई करतानाच मुक्त विद्यापीठात नाव घातलं असतं तर पदवीची तीन वर्षं केव्हाच सुरू झाली असती.

गेल्या आठवड्यात त्याच माणसाचा नव्या नंबरवरून फोन आला: “अजून 20,000 टाका, रेकॉर्डला नाव चढवून देतो.” कॉल रेकॉर्ड केलाय. त्या ऑफिसात पैसे भरलेले खानापूर, निपाणी, चंदगडकडचे कोणी असाल तर चॅट डिलीट करू नका, पावत्या घेऊन पुढं या. ग्राहक आयोगात जायचं ठरवलंय, नावं जोडायची आहेत.